कापसातली हंडी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, एका रविवारी जो कापूस 'ओला आहे' म्हणून बाजूला काढण्यात आला, तो ओला नव्हता. चांगला खडखडीत वाळलेला होता. त्यात कोंबडी होती. बटाटेही होते. हे सत्य मी एकोणीस वर्षं दाबून ठेवलं, कारण ज्या गृहस्थांची अब्रू त्यात गुंतली होती ते हयात होते आणि शिवाय माझे घरमालक होते. आता ते नाहीत. सबब हे निवेदन.

ते गृहस्थ म्हणजे गुलाबराव. अख्खी आर्णी त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायची, मी काका म्हणायची. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी बत्तीस सीझन काढले. वर्षं नाही, सीझन. दिवाळीनंतर गाड्या लागायला सुरुवात झाली की त्यांचं वर्ष उगवायचं आणि उन्हाळ्यात शेवटची गाडी गेली की मावळायचं. काम एकच: ढिगात हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ताणायचा, तुटलेला धागा उजेडाकडे धरायचा आणि आकडा सांगायचा. अठ्ठावीस. एकोणतीस. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, पट्टी न लावता. धागा जितका लांब, तितका भाव जास्त. काका सांगायचे तो आकडा आणि यंत्र सांगायचं तो आकडा यांत फरक पडला, तर लोक यंत्र तपासायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र त्यांच्या हातात कापूस नव्हता. मी सव्वीस वर्षांची, आर्णीच्या शाळेत नुकतीच लागलेली, खोली शोधत त्यांच्या अंगणात शिरले. काका पाटावर बसले होते. समोर हंडी. दोन्ही अंगठ्यांत कोंबडीच्या मांसाचा एक बारीक तुकडा धरून ते तो उन्हाकडे ताणत होते.

"या बाई," ते मान न वळवता म्हणाले. "खोली मागून पाहू. आधी हे पाहा. धागा सुटला का नाही?"

आता माझी पार्श्वभूमी सांगते. यवतमाळचं आमचं घर. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, आणि चातुर्मासात घरात कांदासुद्धा हद्दपार. कोंबडी मी फक्त चालताना पाहिलेली. पण शिक्षिका होते. प्रश्न आला की उत्तर देण्याची सवय. मी ठणकावून म्हटलं, "सुटला."

"हाव न!" काका खूश झाले. "एकतीसचा आहे." आणि त्यांनी एक बटाटा आणि तो एकतीसचा धागा वाटीत घालून माझ्यापुढे केला. मी खाल्ला. मग दुसरी वाटी खाल्ली. खोली मी अजून पाहिलेली नव्हती, पण तिथेच राहायचं हे ठरलं होतं. माझ्या आईला यातलं काहीही माहीत नाही. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या हाती हा मजकूर पडणार नाही याची काळजी वाचकांनी घ्यावी.

त्या भाजीबद्दल सांगायलाच हवं. आमच्या भागात कोंबडीचा रस्सा म्हणजे लाल, वर तेलाचा तवंग, पहिल्या घासाला नाक वाहायला लागलं नाही तर यजमानाचा अपमान. काकांची भाजी पांढरी. कांदा तांबूस होऊ द्यायचा नाही, हळद नाही, तिखट नाही. आलं, लसूण, मिरे, खसखस आणि काजूचं वाटण, मोठे अर्धे कापलेले बटाटे, आणि सगळ्यांत शेवटी म्हशीच्या दुधाची जाड साय. शेजारीपाजारी तिला 'आजाऱ्याची भाजी' म्हणायचे. काका म्हणायचे, "हसा. तिखटामागं कोणीही लपते. हिच्यात लपाले जागाच नाही."

आणि शिजवायची पद्धत अशी, की मी ती पुढे कुठेच पाहिली नाही. हंडी चुलीवर अर्धा तास रटरट उकळायची. मग झाकण कणकेने बंद करायचं, हंडी जुन्या धोतरात गुंडाळायची आणि कापसाने गच्च भरलेल्या लाकडी खोक्यात पुरायची. वर पुन्हा कापूस, त्यावर गोधडी. विस्तव नाही, धूर नाही, आवाज नाही. पाच-सहा तासांनी काढली की तीच उष्णता आत बसून सगळं शिजवून मोकळी झालेली असायची. "कापूस थंडीले आत येऊ देत नाही, तसा गरमीले बाहेर जाऊ देत नाही," काका समजावायचे. "आपण फक्त मधात बोट घालाचं नाही." मधल्या काळात मी हळूच गोधडी उचलून पाहिली की आतून ओरडायचे, "ओ बाई! झाकण पाहून कोणाची भाजी शिजली का आजवर?"

ही भाजी त्यांनी शोधली होती ती मुलीसाठी. छाया लहान असताना तिला तिखट सोसायचं नाही. आई, म्हणजे इंदूकाकू, सामिष खातही नव्हत्या आणि त्या हंडीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. तेव्हा एकुलत्या लेकीसाठी बापाने अंगणात वेगळी चूल मांडली. रविवारी हंडी, हंडीशेजारी छाया, हा त्या घराचा नियम होता. मी आले तेव्हा हंडी होती. छाया नव्हती.

ती पुण्याला होती. माझ्या येण्याच्या आदल्या वर्षी तिने आपलं लग्न आपण ठरवलं, नोंदणी पद्धतीने, ऐन डिसेंबरात. बापाला पत्रिका पाठवली, फोन केला, पुन्हा फोन केला. काका म्हणाले, "सीझन चालू आहे. संपला का येतो." काकू एकट्या गेल्या. काका त्या दिवशी केंद्रावर गेले आणि दिवसभर आकडे सांगत राहिले. जावयाविरुद्ध त्यांची तक्रार नव्हती. मुलीने आधी विचारलं नाही, एवढंच त्यांना लागलं होतं. पण हे सरळ बोलण्यापेक्षा त्यांना सीझन सोयीचा वाटला. दात काढायचा असो, मेव्हण्याची तेरावी असो, डोळे तपासायचे असोत, सगळ्याला एकच उत्तर होतं. लेकीच्या लग्नालाही तेच. छायाने चार वर्षं आर्णीत पाऊल ठेवलं नाही.

चार वर्षांनी तिचा फोन आला, माझ्यासमोर. काकांना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ती म्हणाली, रविवारी येतो, दोघंही. संध्याकाळच्या गाडीने परत. "आणि बाबाले सांग आई, फक्त भेटाले येतो. जेवाचं काही करू नका. मी खाणार नाही."

काकूंनी हे जसंच्या तसं सांगितलं. काका उठले. आणि हंडी घासायला घेतली.

आता येतो तो रविवार. त्या भागात कापूस वेचून आणला की विकेपर्यंत घरातच राहतो. काकांचं दोन एकर शेत होतं आणि त्याचा सगळा कापूस पुढच्या बैठकीत छताला टेकला होता. काकांनी पहाटेच हंडी उकळली, पण माणसं जास्त म्हणून हंडी मोठी, आणि मोठी हंडी खोक्यात मावेना. तेव्हा त्यांनी ती धोतरात गुंडाळून बैठकीतल्या ढिगाच्या कोपऱ्यात, अगदी तळाला, पुरून टाकली. कोणालाही सांगितलं नाही. आणि सकाळी आठलाच बसस्टँडवर जाऊन बसले, कारण लेक कोणत्या गाडीने येणार हे तिने सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

इकडे काकूंच्या डोक्यात वेगळंच. जावई पहिल्यांदा घरी येणार आणि बैठकीत कापूस! बसवायचं कुठे, ढिगावर? त्यांनी व्यापाऱ्याचा टेम्पो बोलावला. चार माणसं आली, कापूस कवेत घेऊन मोठ्या चादरींत बांधू लागली. आणि वाचकहो, मीही पदर खोचून मदतीला लागले. शेवटचा कोपरा उचलताना एक जण थबकला.

"काकू, कापूस गरम लागून राह्यला इथं."

साठवलेला कापूस गरम लागला, तर आमच्याकडे लहान मूलही सांगेल की तो ओला आहे, आत ऊब धरतोय. काकूंना हे शब्द शिवीसारखे लागले. "काय म्हणतं रे? ग्रेडरच्या घरचा कापूस ओला? बांध मुकाट्यानं!" त्याने तो सगळा कोपरा एका मिठीत उचलला, "लय वजन आहे," असं पुटपुटला आणि गाठ मारली. टेम्पो जिनिंगला गेला. मी बैठक झाडली, चटई टाकली, आणि आम्ही दोघी आपल्या कर्तबगारीकडे समाधानाने पाहत उभ्या राहिलो.

दुपारी काका आले. मागे छाया, तिच्यामागे चष्मा लावलेला, सगळ्यांना दोनदा नमस्कार करणारा जावई. बसस्टँडपासून घरापर्यंत बापलेकीत बहुधा एकही शब्द झालेला नव्हता. काका दारात आले, बैठकीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना काहीतरी होतंय.

"कापूस?"

"विकला," काकू म्हणाल्या. "जावायाले बसाले जागा नको?"

"आणि हंडी?"

"कोणती हंडी?"

काकांनी फक्त कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मग एकाएकी सगळे एकदम बोलू लागले. काकू म्हणत होत्या, "सांगाचं नाही का माणसानं?" मी म्हणत होते, "तरीच गरम!" जावई पुन्हा नमस्कार करत होता. छाया मात्र दाराच्या चौकटीला टेकून बापाकडे पाहत होती. "मी म्हटलं होतं न, काही करू नका," ती म्हणाली, पण आवाज फोनवरचा नव्हता.

काकांनी लूना काढली. "बाई, तुम्ही मागं बसा. साय घ्या." साय! ती शेवटी घालायची म्हणून घरातच होती, काचेच्या वाटीत. तेव्हा एका हातात सायीची वाटी, दुसऱ्या हाताने घरमालकाचा सदरा, अशी मी आर्णीच्या भर रस्त्यातून गेले. माझ्या वर्गातली तीन मुलं आणि मुख्याध्यापकांची बायको यांनी हे दृश्य पाहिलं. मागून ऑटोत छाया, जावई आणि काकू.

जिनिंगमध्ये आमचा टेम्पो बाजूला उभा होता आणि त्याभोवती गर्दी. तिथला ग्रेडर देवीदास, काकांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, काकांना पाहून पार ओशाळला.

"साहेब, कसं सांगू? तुमचा माल रिजेक्ट कराची माझी लायकी नाही. पण एक गाठोडं गरम आहे. मॉइश्चर आहे. आणि..." त्याने इकडेतिकडे पाहिलं, "वासही येऊन राह्यला."

"कसला?"

"लसणाचा, साहेब."

बत्तीस सीझनांत ज्या माणसाने भल्याभल्यांचा माल परत पाठवला, त्याचा माल भर जिनिंगमध्ये नाकारला गेला होता. त्यांनी गाठ सोडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बाळाला उचलावं तशी धोतरातली हंडी बाहेर काढली. कणीक जागची हलली नव्हती. त्यांनी ती फोडली, झाकण उचललं. वाफ आली. माझ्याकडून साय घेऊन हळूहळू सोडली, एकदा ढवळलं, एक तुकडा घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरला आणि ताणला. चार माणसं, देवीदास, वजनकाट्यावरचा बाबू, सगळे माना पुढे काढून.

काकांनी धागा उजेडाकडे धरला. मग तो देवीदासला दाखवला नाही. छायापुढे धरला.

"पाह्य," ते म्हणाले. "किती?"

छायाने बराच वेळ पाहिलं. "एकतीस," ती म्हणाली, आणि जी हसत सुटली, ती हसता हसता रडली, आणि रडता रडता हंडीच्या झाकणातच वाढून घेऊन उभ्याने जेवली. बटाट्याला चिकटलेला कापसाचा पुंजका तिने बोटाने काढला आणि पुन्हा खात राहिली. जावयाने चार वेळा घेतलं. देवीदास म्हणाला, "साहेब, हा माल पास." काकू तोंडाला पदर लावून दूर उभ्या होत्या, वासामुळे असं त्यांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी गाडीत चढताना छाया म्हणाली, "आता तुम्ही या बाबा. माझ्या घरी. मी करून घालतो तुम्हाले."

काकांनी मान हलवली. "येतो न. सीझन संपला का येतो."

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, यवतमाळला, तेही ऐन डिसेंबरात. काका आले. इस्त्रीचा सदरा, काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. कोंबडी आणतात की काय म्हणून मी आधी आई कुठे आहे ते पाहिलं, पण साड्या निघाल्या. पंगत बसली तेव्हा ते दिसेनात. मी शोधत गेले तर मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसलेले.

"काका, जेवला नाहीत?"

"भूक नाही, बाई."

"तुम्हाला? भूक नाही?"

ते चपलांकडे पाहत राहिले. "पोटच्या पोरीच्या लग्नात एक घास नाही खाल्ला मी. इथं कसा खाऊ? आणि तिच्या घरी तरी कोणत्या तोंडानं जाऊन बसू, वाढ म्हणून?" मग एकदम माझा हात धरला. "तिले सांगू नका. सीझन आहे म्हणूनच सांगत जा."

मी सांगत गेले. याचं मला आता फार वाईट वाटतं. माझ्यासारखी बोलघेवडी बाई, जिला स्वतःच्या आईपासून कोंबडी सोडून काही लपवता आलं नाही, तिने हे मात्र सतरा वर्षं लपवलं. छाया दर वर्षी यायची, कधी दोनदा. दर वेळी जाताना म्हणायची, "आता तुम्ही." तेच उत्तर मिळायचं. "बाबा, तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली? कायचा सीझन?" ती चिडायची. "शेतातला कापूस आहे न," काका म्हणायचे. पुढे शेतही बटाईने दिलं. तरी सीझन होताच.

पाच-सहा वर्षांपूर्वी छायाने एक विजेचं भांडं घेतलं, तासन्‌तास मंद शिजवणारं. मातीचं जड भांडं, काचेचं झाकण, आपोआप बंद होणारं. "बाबा, तुमच्या कापसासारखंच शिजते यात. या आणि धागा पाहा." खरं म्हणजे ते भांडं तिने स्वयंपाकासाठी घेतलंच नव्हतं. तो गळ होता. काका गळाला लागले, पण फोनवरूनच. मी एकदा आर्णीला गेले असताना हा कार्यक्रम ऐकला.

"फोन भांड्याजवळ ने. आवाज येते का?"

"नाही येत बाबा."

"मंग बरोबर आहे. झाकण काचेचं आहे म्हणते? हे खराब आहे. माणूस पाहतच बसते."

"मग येऊन झाका न."

"येतो," काका म्हणाले, आणि फोन माझ्याकडे देऊन अंगणात गेले.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते गेले, जेव्हा शेतात एक बोंड नसतं आणि जिनिंगला कुलूप असतं. दीड दिवस दवाखान्यात होते. छाया पुण्याहून निघाली ती पोचेपर्यंत आम्ही त्यांना घरी आणलं होतं. तिने बापाचे हात हातात घेतले आणि अंगठे चोळत बसली. काकूंना ती नंतर आपल्याबरोबर घेऊन गेली.

या जानेवारीत ती माझ्याकडे यवतमाळला आली, लोहाऱ्याकडच्या आमच्या घरी. मांडीवर खोकं, खोक्यात ते भांडं. पुण्याहून रात्रभर मांडीवर! "आई तर खात नाही," ती म्हणाली. "दर रविवारी बाबाच्या हातचं खाल्लेलं आता तुमच्याशिवाय कोण आहे? मी करतो. तुम्ही सांगा, तेच आहे का."

सकाळी नऊला तिने भांडं लावलं. सगळं तसंच: पांढराच ठेवलेला कांदा, मिरे, खसखस, अर्धे बटाटे. सहा तास. आम्ही दोघी त्या काचेच्या झाकणासमोर बसलो. काका म्हणाले होते तसंच झालं, माणूस पाहतच बसतं. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरत होते. आणि बसून बसून, बाराच्या सुमारास, मी तिला मांडवाबाहेरची खुर्ची सांगितली. चपलांचा ढीग सांगितला. कोणत्या तोंडानं, हे सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. उठून साय फेटत बसली, फेटायची गरज नसताना.

तीन वाजता भांडं टक् आवाज करून बंद झालं. तिने साय सोडली. मी चमचा घेतला, चव पाहिली. मी तिला खरंच सांगितलं: मिरे तेच, बटाटा तोच, कापसाचा तो किंचित वास तेवढा नाही. तिने मान हलवली. मग एक तुकडा घेतला, खिडकीशी गेली, दोन्ही अंगठ्यांत धरला आणि हळूच ताणला. तेच खांदे, तीच तिरपी मान. आमचे हे तेवढ्यात स्वयंपाकघरात डोकावले. यांनी काकांना कापूस तपासताना कधी पाहिलेलं नाही. थोडा वेळ पाहून म्हणाले, "हे जेवायचं आहे, की बाजारात न्यायचं आहे?"

छाया हसली. तोंडभर, जिनिंगमध्ये हसली होती तशी. धागा तसाच उजेडात धरून, हसता हसता, आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता ती मोठ्याने बोलून गेली:

"बाबा, या न आता! संपला न तुमचा सीझन!"